कोरियाने जमीन वाटली, आपण कायदे वाटले

जयंतीनिमित्त आमच्या भागात दरवर्षी व्याख्यानमाला होते. यंदा शेवटच्या दिवशी प्रश्नोत्तरांच्या वेळी इंजिनिअरिंगला शिकणारा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, दक्षिण कोरिया एकेकाळी आपल्यासारखाच गरीब होता. तिथे एक कडक लष्करी माणूस आला आणि वीस वर्षांत देश कुठल्या कुठे गेला. आपल्याकडे जो तो हक्क मागत बसतो. मग विकास होणार कसा?" यावर टाळ्या पडल्या. वेळ झाली होती, वक्त्यांनी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि आभारप्रदर्शन उरकले. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्म्याहून अधिक भूमिहीनांची, सफाई कामगारांची, कंत्राटी कामगारांची पोरे होती, म्हणून तो प्रश्न तिथेच सोडून देणे मला बरे वाटले नाही.

प्रश्न खोटा नाही. १९५० च्या दशकात भारत आणि दक्षिण कोरिया यांच्या दरडोई उत्पन्नात फारसे अंतर नव्हते. आज कोरियाचे दरडोई उत्पन्न भारताच्या बारा-तेरा पटींच्या घरात आहे. हे कसे घडले? आपल्याकडचे खाउजावाले म्हणतात, बाजार खुला केला म्हणून. टीव्हीवरचे विद्वान म्हणतात, शिस्त होती म्हणून. २०२४ साली ॲसमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन या तिघांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे असे की देशाची भरभराट त्याच्या संस्थांवर ठरते. संस्था म्हणजे मालमत्तेचे नियम, न्यायालये, राज्यकारभार, सत्तेत कोणाला वाटा आणि कोणाला नाही याचे नियम. उत्तर आणि दक्षिण कोरिया हे त्यांचे आवडते उदाहरण. एकच भाषा, एकच संस्कृती, मध्ये एक रेषा, आणि दोन्हीकडचे जगणे जमीन-अस्मानाइतके वेगळे. हे म्हणणे मोठ्या प्रमाणात बरोबरही आहे. पण या चर्चेत एक गोष्ट बहुधा मागे पडते. दक्षिणेत कारखाने उभे राहण्याच्या आधी तिथल्या खेड्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत मजबूत संस्था मोडली गेली होती. ती संस्था म्हणजे जमीनदारी.

आपल्या वाचकांना कोरियाचा इतिहास फारसा सांगितला जात नाही, म्हणून थोडे मागे जावे लागेल. कोरियात यांगबान नावाचा उच्चकुलीन वर्ग होता. जमीन, विद्या आणि सरकारी पदे त्यांच्याकडे. तळाला गुलाम होते आणि त्यांच्याही पलीकडे बेकजोंग. जनावरे मारणे, कातडी कमावणे, टोपल्या विणणे ही यांची कामे. त्यांनी गावाबाहेर राहायचे, वेगळी टोपी घालायची, घरावर कौले घालायची नाहीत, दुसऱ्याच्या पोरासमोरही वाकून बोलायचे. वाचताना गाव ओळखीचे वाटते ना? १८९४ मध्ये कायद्याने गुलामगिरी आणि हे भेद रद्द झाले. कायद्याने रद्द झाले म्हणजे काय होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जपानी राजवटीत, १९२३ च्या एप्रिलमध्ये, जिंजू या गावी बेकजोंगांनी ह्योंगप्योंगसा नावाची संघटना काढली. या नावात तराजू आहे, खाटकाच्या हातातला, समतोल राहिलेला तराजू. मुलांना शाळेत बसू दिले जात नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी काय केले? त्यांच्याकडून मांस घेणे बंद केले. बहिष्कार टाकला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२२ मध्ये, जपानमधल्या बुराकू लोकांनी सुइहेइशा ही संघटना काढली होती, आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९२४ मध्ये, मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तीन वर्षांत आशियाच्या तीन कोपऱ्यांत तीन बहिष्कृत समाज उभे राहिले. यावर आपल्याकडे एखादे चांगले पुस्तक यायला हवे.

१९४५ मध्ये जपानचा पराभव झाला तेव्हा कोरियातली सुमारे दोन तृतीयांश शेतजमीन कुळे कसत होती. खंड साधारण निम्म्या पिकाचा. म्हणजे चिखलात वर्षभर राबायचे आणि अर्धे भात मालकाच्या कोठारात ओतायचे. दक्षिणेत आलेल्या अमेरिकन लष्करी प्रशासनाने ऑक्टोबर १९४५ मध्ये खंडाची मर्यादा एक तृतीयांशावर आणली. मार्च १९४६ मध्ये उत्तरेत कम्युनिस्टांनी जमीनदारांच्या जमिनी काढून वाटून टाकल्या आणि दक्षिणेतले शेतकरी विचारू लागले, आमचे काय? १९४८ मध्ये जपान्यांच्या मालकीच्या जमिनी कुळांना विकल्या गेल्या. त्याच वर्षी आलेल्या संविधानात शेतजमीन शेतकऱ्यांना वाटली जाईल असे कलम घातले गेले. सिंगमन री यांच्या मंत्रिमंडळात चो बोंग-आम हे पहिले कृषिमंत्री होते, पूर्वाश्रमीचे कम्युनिस्ट. त्यांच्या खात्याने कायद्याचा पाया घातला. १९४९ मध्ये कायदा आला, मार्च १९५० मध्ये सुधारून पक्का झाला आणि जूनमध्ये युद्ध पेटण्याच्या आधीच वाटपाला सुरुवात झाली होती.

कायद्यातल्या अटी नीट पाहा. कोणत्याही कुटुंबाकडे तीन चोंगबो, म्हणजे सुमारे साडेसात एकरांपेक्षा जास्त शेतजमीन नको. जो स्वतः कसत नाही त्याची जमीन सरकार घेणार. ज्याला जमीन मिळेल त्याने वर्षाच्या पिकाच्या दीडपट किंमत द्यायची, तीही दरवर्षी तीस टक्के याप्रमाणे पाच वर्षांत. म्हणजे कालपर्यंत खंड म्हणून जे द्यायचे त्याहून कमी पाच वर्षे भरायचे आणि सहाव्या वर्षी जमीन तुमची. जमीनदारांना भरपाई म्हणून सरकारी रोखे मिळाले. युद्धातल्या महागाईने त्या रोख्यांची किंमत रद्दीसारखी झाली. पुष्कळ जमीनदारांनी कायदा येणार हे ओळखून आधीच कुळांना जमिनी विकून टाकल्या. काहींनी जमिनी शाळा-कॉलेजांच्या संस्थांच्या नावे केल्या, कारण तिथे सवलत होती. काही वर्षांतच कुळांकडच्या जमिनीचे प्रमाण दोन तृतीयांशावरून दहा टक्क्यांच्या खाली आले. हजार वर्षांचा जमीनदार वर्ग एका पिढीत संपला.

हे काही सिंगमन री यांना गरिबांचा कळवळा होता म्हणून झाले नाही. उत्तरेची भीती होती. अमेरिकेचा दबाव होता. जमीनदारांचा पक्ष री यांचा विरोधक होता, त्याचे पंख छाटायचे होते. आणि जपान्यांशी हातमिळवणी केल्यामुळे जमीनदारांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. चो बोंग-आम यांनी पुढे निवडणुकीत री यांच्याविरुद्ध लाखो मते घेतली, तेव्हा त्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली १९५९ मध्ये फाशी देण्यात आली. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. बावन्न वर्षांनी.

आता शाळेकडे या. निम्मे पीक घरात राहू लागले तसे घरातले पोर शाळेत जाऊ लागले. १९४५ मध्ये दक्षिण कोरियात दहापैकी आठ प्रौढांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५४ ते १९५९ अशी सहा वर्षांची सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची योजना राबवली गेली, तीही युद्धाने बेचिराख झालेल्या देशात, तंबूत आणि झाडाखाली वर्ग भरवून. १९६० पर्यंत जवळपास प्रत्येक मूल शाळेत होते. पुढे कॉलेजच्या फीसाठी शेतकरी गोठ्यातला बैल विकू लागले. त्यावरून तिथे विद्यापीठाला उपरोधाने 'बैलांच्या हाडांचा मनोरा' म्हणत. विकायला बैल होता, कारण कसायला स्वतःची जमीन होती. आपल्या संविधानाच्या ४५ व्या कलमानेही १९६० हेच उद्दिष्ट ठरवले होते, दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण. १९६१ च्या जनगणनेत भारताची साक्षरता अठ्ठावीस टक्के निघाली. तो हक्क मूलभूत व्हायला २००२ उजाडले आणि कायदा लागू व्हायला २०१०.

आणि मग, म्हणजे जमीन वाटून अकरा वर्षे झाल्यावर आणि पोरे शाळेत गेल्यावर, मे १९६१ मध्ये तो कडक लष्करी माणूस आला. पार्क चुंग-ही. त्याने बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या, १९६२ पासून पंचवार्षिक योजना सुरू केल्या, निर्यात करील त्यालाच स्वस्त कर्ज आणि न जमल्यास कर्ज बंद, असा दंडक घातला. जागतिक बँकेने नाही म्हटलेला पोलाद कारखाना पोहांगला उभा केला. खुल्या बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हे जरा वाचावे, तिथे बाजार नव्हे, सरकार वाट दाखवत होते. अमेरिकेची मदत आणि जपानकडून मिळालेला पैसा हेही विसरून चालणार नाही. पण हुकूमशहा कोणत्या जमिनीवर उभा होता? त्याच्यासमोर अडवणूक करणारा जमीनदार नव्हता आणि कारखान्यात यायला लिहिता-वाचता येणारी पिढी तयार होती.

नुसत्या हुकूमशहाने काम होत असते तर फिलिपिन्स आज कोरियाच्या पुढे असता. १९६० मध्ये फिलिपिन्सचे दरडोई उत्पन्न कोरियापेक्षा जास्त होते. तिथेही १९७२ मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा लावला, शिस्तीच्या गप्पा झाल्या, लोक तुरुंगात गेले. जमीन सुधारणेचा हुकूमही निघाला, पण फक्त भात आणि मक्याच्या जमिनींपुरता. उसाच्या मोठमोठ्या इस्टेटी तशाच राहिल्या. १९८६ मध्ये लोकांनी मार्कोस यांना हाकलले आणि कोराझोन अक्विनो राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांच्या माहेरच्या घराण्याकडेच हासियेंदा लुइसिता ही हजारो एकरांची उसाची इस्टेट होती. १९८८ च्या कायद्यात जमिनीऐवजी कंपनीचे शेअर वाटले तरी चालतील अशी पळवाट ठेवली गेली आणि या इस्टेटीने तीच पकडली. नोव्हेंबर २००४ मध्ये तिथल्या संपकरी मजुरांवर गोळीबार झाला, सात जण मेले. जमीन वाटा असा न्यायालयाचा निकाल यायला २०११-१२ लागले. मार्कोस यांच्याकडे बंदूक होती, जमीनदाराला हात लावण्याची इच्छा नव्हती. कोरिया आणि फिलिपिन्स यांच्यातला फरक मला तरी इथे दिसतो.

कोरियाची दुसरी बाजूही त्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवी. १३ नोव्हेंबर १९७० रोजी सेऊलच्या कापड बाजारात जोन ते-इल नावाच्या बावीस वर्षांच्या शिलाई कामगाराने स्वतःला पेटवून घेतले. तिथल्या बुटक्या माळ्यांवर तेरा-चौदा वर्षांच्या मुली दिवसाला चौदा-चौदा तास शिवण मारत, धुळीने त्यांची छाती भरून जाई. १९५३ चा कामगार कायदा अस्तित्वात होता. जोन ते-इल तो कायदा स्वतः वाचून सरकारी कार्यालयांत अर्ज घेऊन फिरला. कोणी दाद दिली नाही. शेवटी त्या कायद्याच्या पुस्तकासकट तो पेटला. पुढे त्याची आई आयुष्यभर कामगार चळवळीत राहिली. १९८७ मध्ये विद्यार्थी आणि कामगारांनी रस्त्यावर येऊन लष्करी राजवटीला निवडणुका घ्यायला लावल्या, संघटना उभ्या राहिल्या, मजुरी भराभर वाढली. हक्क मागितल्याने विकास थांबला का? १९९६ मध्ये कोरिया श्रीमंत देशांच्या संघटनेत गेला.

आता आपल्याकडे. आपल्याकडे कायदे झाले नाहीत असे नाही. बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लहान शेतजमिनींवर निबंध लिहून दाखवले होते की दुखणे तुकड्याच्या आकारात नाही. शेतीत भांडवल कमी आणि माणसे जास्त, ही अडचण आहे, आणि त्या माणसांना उद्योगांकडे नेले पाहिजे. साडेसात एकरांच्या आतल्या कोरियाने नेमके तेच करून दाखवले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. चरीच्या शेतकऱ्यांचा संप तेव्हा चालूच होता. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. काँग्रेस सरकारने विधेयक पुढे जाऊ दिले नाही. खोती जायला १९४९ यावे लागले. मग १९४८ चा कूळ कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कसेल त्याची जमीन. १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायदा. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा, १९७५ मध्ये कडक केलेला. कडक म्हणजे किती? बारमाही बागायत अठरा एकर, जिरायत चौपन्न एकर. कोरियातली भाताची खाचरे आणि मराठवाड्यातले माळरान एक नाही, हे कबूल. पण आपल्याकडे ती मर्यादाही बायकोच्या, सुनेच्या, प्रसंगी कुत्र्या-मांजराच्या नावाने चुकवली गेली हे गावात कोणाला ठाऊक नाही?

तरीही फक्त 'अंमलबजावणी झाली नाही' म्हणणे पुरेसे नाही. कसेल त्याची जमीन हेच कोरियाचे तत्त्व होते आणि आपलेही. कोरियात कूळ हा गावातला सर्वांत खालचा मोठा थर होता, त्याच्याखाली निव्वळ शेतमजूर फार थोडे. कुळाला जमीन मिळाली म्हणजे जवळजवळ सर्वांना मिळाली. आपल्याकडे कुळाच्या खाली आणखी एक थर होता आणि तो जातीने ठरलेला होता. नांगर धरणारा सालगडी, महारकीची चाकरी करणारा, सुगीला बलुत्याची पेंढी मागणारा. तो कसत होता, पण कागदावर कूळ दुसराच. कायद्याने जमीन खोताकडून, जहागीरदाराकडून कुळाकडे आली आणि तिथेच थांबली. कोकणात आणि इतरत्र काही दलित कुळांना जमिनी मिळाल्या, ते नाकारायचे कारण नाही. पण बहुसंख्यांच्या वाट्याला मालक बदलला एवढेच आले. पुढे त्याच जमिनीवर ऊस आला, सहकारी कारखाना आला, बँक आली, आमदारकी आली. कोरियात जमीन सुधारणेने जुनी सत्ता मोडली. आपल्याकडे तिने नव्या सत्तेला भांडवल दिले.

बाबासाहेबांना हे आधीच दिसले होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी म्हटले होते की जमिनींचे एकत्रीकरण आणि कूळ कायदे यांनी कोट्यवधी अस्पृश्यांचे काही भले होणार नाही, कारण ते भूमिहीन मजूर आहेत. म्हणून शेती राज्याच्या मालकीची करावी, ठराविक आकाराची शेते करून ती गावकऱ्यांना जातपात न पाहता सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, भांडवल राज्याने पुरवावे, आणि हे सारे संविधानातच लिहावे, म्हणजे उद्याचे बहुमत ते फिरवणार नाही. कोरियाचा मार्ग खाजगी मालकीचा, बाबासाहेबांचा राज्य समाजवादाचा. दोन्ही एक नाहीत आणि ओढूनताणून एक करू नयेत. पण औद्योगिक विकासाच्या आधी जमिनीची सत्ता मोडली पाहिजे, हा क्रम दोन्हीकडे सारखा आहे. नोबेलवाले ज्याला संस्था म्हणतात त्यात आपण जात ही संस्था ठळकपणे लिहिली पाहिजे. कोण काय काम करील, कोणाच्या नावे सातबारा असेल, बँकेचा मॅनेजर कोणाला खुर्ची देईल, हे ती ठरवते.

त्याच मागणीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखो लोक तुरुंगात गेले, बायका कडेवर पोरे घेऊन गेल्या. त्यातून गायरानाचा प्रश्न ऐरणीवर आला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. कितीतरी जण आजही कसतात, पण सातबारावर नाव नाही. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, दुष्काळाची मदत नाही. देशात अनुसूचित जाती लोकसंख्येच्या साडेसोळा टक्क्यांहून अधिक आहेत आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे वहितीखालच्या क्षेत्रात त्यांचा वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यातही पंजाब-हरियाणासारख्या राज्यांत तो नगण्य.

दादासाहेबांच्या नावाने राज्य सरकारची योजनाही आहे, २००४ पासून. भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. आधी निम्मे कर्ज होते, २०१८ पासून पूर्ण अनुदान. ऐकायला उत्तम. पण त्यात सरकारने जमीन बाजारातून विकत घ्यायची असते, ठरलेल्या दराने, आणि विकणारा राजी असेल तरच. कोणत्या गावात कोण राजी आहे? ज्याच्या बांधावरून आपल्या माणसाने वाट मागितली तरी मारामारी होते, तो सरकारी दराने आपल्याला जमीन विकेल? कोरियाच्या कायद्यात जमीनदाराची राजीखुशी विचारलेलीच नव्हती.

त्या विद्यार्थ्याला मी मांडवाबाहेर गाठले होते. चहा घेता घेता विचारले, तुझ्या घरी जमीन किती? म्हणाला, नाही. थोड्या वेळाने म्हणाला, आजोबा गायरान कसायचे, चार-पाच एकर असेल, पण नावावर झाली नाही. आता चुलते कसतात. मी विचारले, कधीपासून? दुष्काळ पडला तेव्हापासून, बहात्तरचा. मग एक-ईच्या नोंदवहीत नाव असेल, दंडाच्या पावत्या फाडल्या असतील, त्या कुठे आहेत? त्याला हे काहीच माहीत नव्हते. दंड भरल्याची पावती हाच ताब्याचा पुरावा असतो हे ऐकून तो हसला. मग म्हणाला, आजीच्या पेटीत काही पिवळे कागद आहेत, ती कोणाला हात लावू देत नाही. पुढच्या रविवारी विचारून बघतो.